होडीला वीज जोडणारा कारागीर : ग्युस्ताव त्रुवे

सायंकाळी किनाऱ्यावर फिरावयास गेलेल्या प्रत्येकाने हे दृश्य पाहिले असेल. मासेमारीची होडी वाळूला लागते, माणसे कमरेइतक्या पाण्यात उतरून तिला वर ओढतात, जाळी आणि टोपल्या बाहेर येतात. मग एखादा पागी होडीच्या पाठीमागे अडकवलेले यंत्र सोडवतो, ते खांद्यावर घेतो आणि माडांच्या वाटेने घराकडे चालू लागतो. होडी वाळूवर राहते, यंत्र घरी जाते. आम्ही लहानपणापासून हे पाहत आलो. परंतु होडीपासून सुटी करून खांद्यावर नेता येईल अशी मोटर प्रथम कोणाला सुचली असेल, हा प्रश्न आमच्या मनात कधी उठला नव्हता. गेल्या वर्षी वर्गातील एका मुलाने तो विचारला. त्याच्या घरी विजेवर चालणारी मोटर घ्यावी की काय, अशी चर्चा चालू होती आणि तिला बॅटरी कोणती लावावी यावर वडील व काका यांचे एकमत होत नव्हते. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही पॅरिसमधील एका घड्याळजीपर्यंत जाऊन पोहोचलो. होडीच्या पाठीवर टांगण्याची मोटर त्याने 1881 साली सेन नदीत चालवून दाखवली होती. आणि आश्चर्य असे की ती पेट्रोलची नसून विजेचीच होती. बॅटरी कोणती, हा प्रश्नही त्याच्यापुढे तेव्हाच उभा राहिला होता.

या गृहस्थाचे नाव ग्युस्ताव त्रुवे. फ्रेंच भाषेत त्रुवे या शब्दाचा अर्थ सापडलेला असा होतो. ज्याने आयुष्यभर नवे काही शोधण्यापलीकडे दुसरे काही केले नाही, त्याला हे आडनाव जन्मानेच मिळावे ही मौजेची गोष्ट आहे.

त्रुवेचा जन्म जानेवारी 1839 मध्ये मध्य फ्रान्समधील ला हे-देकार्त या लहानशा गावी झाला. प्रसिद्ध तत्त्वज्ञ देकार्त 1596 साली याच गावी जन्मला, म्हणून गावाच्या नावाला त्याचे नाव जोडलेले. गावाच्या कडेने क्रूज नदी वाहते. त्रुवेचे वडील गुरांचे व्यापारी होते. घरात विद्येची किंवा यंत्रांची परंपरा नव्हती. परंतु मुलाचा हात मात्र पहिल्यापासून हातोडी आणि कानस यांवर बसलेला. वडिलांनी त्याला शिनाँ येथील विद्यालयात आणि तेथून आंजे येथील कलाकौशल्याच्या शाळेत पाठवले. पण त्याची प्रकृती नाजूक होती. अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच त्याला शाळा सोडावी लागली. 1859 साली, विशीच्या उंबरठ्यावर, तो पॅरिसला आला आणि एका घड्याळजीच्या हाताखाली राहिला.

घड्याळाच्या दुकानात माणूस दोन गोष्टी शिकतो : लहान वस्तूही तितक्याच नेटकेपणाने करावी लागते, आणि यंत्रात एकही निरुपयोगी गुंज ठेवावयाची नसते. त्रुवेच्या सर्व कामांवर या शिक्षणाचा ठसा आहे. त्या काळचे विजेचे शास्त्रज्ञ मोठमोठ्या बरण्या, जाड तारा आणि टेबलभर पसरलेली उपकरणे घेऊन प्रयोग करीत. त्रुवेने वीज खिशात मावेल अशी केली.

1865 साली त्याने बोटाएवढा एक विद्युत्घट तयार केला. विद्युत्घट म्हणजे आपण ज्याला बॅटरी म्हणतो तिचा एकेक घटक. असे अनेक घट जोडले की घटमाला होते. जस्त आणि कोळसा यांचे दोन तुकडे एका रासायनिक द्रवात बुडवले की त्यांच्यामधून विजेचा प्रवाह मिळतो, हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. अडचण अशी की जस्त द्रवात बुडलेले असेपर्यंत ते झिजत राहते, मग आपणांस वीज हवी असो वा नसो. त्रुवेने बंद नळी घेतली; जस्त व कोळसा तिच्या वरच्या अर्ध्या भागात बसवला आणि द्रव खालच्या अर्ध्या भागात ठेवला. नळी उभी असली की द्रव खालीच राहतो आणि घट झोपलेला असतो. ती उलटी किंवा आडवी केली की द्रव जस्ताला भिजवतो आणि वीज वाहू लागते. कळ नाही, बटण नाही. नळी कशी धरावयाची एवढेच काय ते. काम नसेल तेव्हा बॅटरीने विश्रांती घ्यावी, हा विचार त्याच्या मनात तेव्हा रुजला, आणि पुढे होडीच्या प्रसंगी तो पुन्हा वर आला.

या चिमुकल्या घटाने पॅरिसच्या श्रीमंतांची मोठी करमणूक केली. 1867च्या सुमारास तेथील एका जवाहिऱ्याने त्रुवेच्या घटावर चालणारे अलंकार केले : गळपट्टीच्या टाचणीवर कवटी, आणि खिशातील घट आडवा करताच ती डोळे फिरवू लागे, जबडा हलवू लागे. असली एक टाचणी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे. आम्हांस या खेळण्यांचे फारसे कौतुक वाटत नाही. त्रुवेला स्वतःलाही त्यांत गुंतून राहावयाचे नसावे, कारण लगेच तो अधिक गंभीर कामाकडे वळला. सैनिकाच्या जखमेत रुतलेली गोळी नेमकी कोठे आहे हे शल्यवैद्याला सांगणारी सळई त्याने केली. तिच्या टोकाशी दोन सुया असत. त्या हाडाला लागल्या तर काही होत नसे, धातूला लागल्या की विजेचे मंडल पुरे होऊन खूण मिळे. शरीराच्या आतील पोकळ्यांत प्रकाश पाडणारे उपकरणही त्याने डॉक्टरांना दिले. त्यातील प्लॅटिनमची तार लाल-पांढरी तापवण्यास जो जोरकस प्रवाह लागे, तो त्याने गास्ताँ प्लान्ते या देशबांधवाच्या नव्या घटांतून घेतला.

प्लान्तेच्या घटाविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण आपल्या मोटारगाडीत असते ती शिशाची बॅटरी म्हणजे त्याच घटाची वंशज होय. 1859 साली प्लान्तेने शिशाचे दोन पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवले, त्यांतून वीज सोडली, आणि त्याला असे दिसले की ती वीज त्या पत्र्यांत जणू साठून राहते व मागून परत मिळते. जस्ताचा घट संपला की जस्त आणि द्रव नवे घालावे लागतात. प्लान्तेच्या घटात बाहेरून वीज भरली की तो पुन्हा ताजा होतो. भरावयाचा, रिकामा करावयाचा, पुन्हा भरावयाचा. म्हणून त्याला संचायक म्हणू लागले. परंतु भरावयास वीज आणावी कोठून? ज्या काळी घरात, रस्त्यावर वा बंदरावर विजेची तार नव्हती, त्या काळी संचायक भरण्यासाठी जस्ताचेच घट लागत. विहीर खणून ठेवावी आणि घागरीने पाणी आणून ती भरावी, तसला हा प्रकार. 1871 साली ग्रामचे वीजजनक यंत्र आले तेव्हा कोठे ही अडचण शहरापुरती सुटू लागली.

1880 साली त्रुवेने आपल्या मोटरीचे पेटंट घेतले. सीमेन्सच्या फिरत्या गुंडाळीला एका फेऱ्यात दोन ठिकाणी अडखळण्याची खोड होती. लोहाचे तोंड गोगलगाईच्या शिंपल्यासारखे किंचित सरकत्या वळणाचे केले, तर गुंडाळी त्या जागी न थांबता पुढे ओढली जाते, हे त्रुवेने ओळखले. ही मोटर भरली अवघी पाच किलो. एप्रिल 1881 मध्ये त्याने ती इंग्लंडमधून आलेल्या एका तीनचाकी सायकलवर बसवली आणि प्लान्तेचे सहा संचायक जोडून पॅरिसच्या रस्त्यात चालवली. माणूस, घट आणि गाडी मिळून 160 किलो वजन; वेग ताशी 12 किलोमीटर. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा इतिहास लिहिणारे या तीनचाकीपासूनच प्रारंभ करतात. तिच्या शक्तीचा आकडा त्रुवेने फ्रेंच विज्ञान अकादमीला कळवला होता : दर सेकंदाला सात किलोग्रॅममीटर. विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे. हे सुमारे 70 वॅट होतात. आपल्या वर्गात डोक्यावर फिरणारा जुन्या धाटणीचा पंखा साधारण एवढीच वीज खातो.

पंख्याएवढ्या शक्तीने माणसाला ओढून नेणारा हा कारागीर त्यानंतर दीड महिन्यातच पाण्याकडे वळला.

विजेची होडी ही कल्पना त्याच्यापूर्वीची होती. जर्मनीत जन्मलेल्या मोरिट्झ जाकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने 1838 साली रशियात नेवा नदीवर 28 फूट लांबीची होडी विजेवर चालवली होती. खर्च झारच्या खजिन्यातून. प्रथम त्याने तांबे व जस्त यांचे 320 घट होडीत रचले. होडी कशीबशी पुढे सरकली. पुढच्या वर्षी त्याने प्लॅटिनम आणि जस्त यांचे, नत्राम्ल वापरणारे, ग्रोव्हचे 64 घट घेतले; घटांची संख्या पाचपट कमी झाली आणि वेग वाढला. घटाची जात बदलली की होडीचे नशीब बदलते, हे जाकोबीने सिद्ध केले. पण प्लॅटिनमची किंमत झारलाच परवडावी अशी, आणि नत्राम्लाच्या घटांतून निघणारा तांबूस वायू छातीत गेला तर माणूस गुदमरतो. असली होडी कोणा कोळ्याच्या कामाची नव्हती. चाळीस वर्षे ती कल्पना तशीच पडून राहिली.

त्रुवेने होडी घेतली ती साडेपाच मीटर लांब आणि 1.20 मीटर रुंद; तीन माणसे बसतील एवढी. म्हणजे आमच्या किनाऱ्यावरील लहान होडीसारखीच. तिचे नाव त्याने टेलिफोन असे ठेवले. टेलिफोनचा शोध लागून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. आता मोटर बसवावी कोठे? जाकोबीप्रमाणे होडीच्या पोटात यंत्र बसवले तर तळाला भोक पाडावे लागते, दांडा बाहेर काढावा लागतो, पाणी झिरपू नये म्हणून तजवीज करावी लागते, आणि होडी कायमची त्या यंत्राची होऊन बसते. त्रुवेने होडीला हातच लावला नाही. त्याने सुकाणू नवे केले. सुकाण्याच्या माथ्यावर मोटर, खालच्या बाजूस पाण्यात तीन पात्यांचा पंखा, आणि दोहोंना जोडणारी साखळी. सुकाणू वळवले की पंखाही वळतो, त्यामुळे होडी जागच्या जागी फिरू शकते. सुकाणू हलवण्याच्या दोन दोरांतूनच त्याने तांब्याच्या तारा नेल्या. तेच दोर दिशा देत आणि तेच वीज पोहोचवीत. काम झाले की सुकाणू मोटरीसकट उचलावे आणि घरी न्यावे. होडी पूर्ववत वल्ह्यांची. किनाऱ्यावर आपण रोज पाहतो ती रीत हीच.

राहिला बॅटरीचा प्रश्न. येथे त्रुवेने जे केले ते आम्हांस त्याच्या मोटरीहूनही अधिक विचारपूर्वक केलेले वाटते. तीनचाकीवर त्याने प्लान्तेचे संचायक वापरले होते. ते त्याच्या हाताशी होते, परिचयाचे होते. तेच उचलून होडीत ठेवणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. होडीसाठी त्याने पोटॅशियम बायक्रोमेट आणि गंधकाम्ल यांच्या नारिंगी द्रवात बुडणाऱ्या जस्त-कोळशाच्या घटांच्या दोन माला घेतल्या, प्रत्येकीत सहा घट. बायक्रोमेटच्या घटातून गुदमरवणारा वायू निघत नाही, प्रवाह जोरकस मिळतो, आणि मुख्य म्हणजे तो भरावयास विजेची गरज नाही. तीनचाकी संध्याकाळी कारखान्यात परत येते. होडी मात्र नदीवर दूर जाते; तेथे संचायक रिकामा झाला तर तो भरणार कोण? 1881 साली सेनच्या काठी विजेचे ठाणे नव्हते. सार्वजनिक वीजकेंद्रे लंडन आणि न्यूयॉर्क येथे उघडली ती 1882 साली. बायक्रोमेटच्या घटाला नवे द्रव आणि नवे जस्त पुरते; ती दोन्ही पिशवीत नेता येतात. त्रुवेच्या मनात नेमके काय होते हे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही, परंतु तीनचाकी आणि होडी यांतील हा फरक त्याच्यासारख्या व्यवहारी माणसाच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

बायक्रोमेटचा घटही निर्दोष नव्हता. जस्त द्रवात उभे राहिले की झिजते, हा जुना रोग येथेही होताच. त्यावर जस्ताला पारा चोळण्याचा उपाय होता, पण तो पुरा पडत नसे. त्रुवेने आपल्या तरुणपणातील नळीची युक्ती मोठ्या प्रमाणात वापरली. नळी उलटी करता येते, डझनभर भांडी करता येत नाहीत. म्हणून त्याने जस्त-कोळशाचे सर्व पत्रे एका आडव्या दांडीला टांगले आणि विहिरीच्या रहाटासारखा रहाट बसवला. रहाट फिरवला की पत्रे द्रवात उतरतात. उलटा फिरवला की वर येऊन ठिबकत राहतात, आणि घट झोपी जातो. किती खोल बुडवावयाचे त्यावर प्रवाह कमीजास्त करता येतो. ही रहाटाची घटमाला त्रुवेच्या नावानेच ओळखली जाऊ लागली.

26 मे 1881 रोजी पाँ रोयाल या पुलापाशी सेन नदीत टेलिफोन होडी चालली. प्रवाहाबरोबर जाताना वेग सेकंदाला अडीच मीटर, प्रवाहाविरुद्ध येताना दीड मीटर. अंकगणिताच्या तासाला आम्ही हे उदाहरण मुलांना घालतो : होडीचा स्वतःचा वेग दोन मीटर आणि नदीचा अर्धा मीटर. ताशी सात किलोमीटरांहून थोडे अधिक. वल्हेकऱ्याला लाजवील असे नाही, पण वल्हेकरी दमतो.

महिन्याभराने, 26 जून रोजी, त्याने ब्वा द बूलोन्य या उपवनातील तळ्याच्या संथ पाण्यावर पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी पंखा चार पात्यांचा होता, 28 सेंटिमीटर व्यासाचा, आणि घटही बदललेले होते : बुन्सेनच्या पद्धतीचे चपटे 12 घट, ज्यांत नत्राम्ल असते. म्हणजे जाकोबीने सोसलेला तो वायू पुन्हा आलाच. त्रुवेने तो कमी व्हावा म्हणून सच्छिद्र भांड्यातील नत्राम्लात तितकेच हायड्रोक्लोरिक अम्ल आणि दुप्पट पाणी मिसळले. पण या दिवसाचे खरे महत्त्व निराळे आहे. प्रयोग करणारे बहुतेक लोक आपल्या यंत्राचा पहिल्या पाच मिनिटांचा वेग सांगतात आणि टाळ्या घेतात. त्रुवे घड्याळ घेऊन पाच तास बसला. आरंभी होडीने 150 मीटर अंतर 48 सेकंदांत तोडले. तीन तासांनी त्याच अंतराला 55 सेकंद लागले. पाच तासांनी 65. हे तिन्ही आकडे त्याने अकादमीला जसेच्या तसे कळवले. वेग सेकंदाला तीन मीटरांच्या वरून सुमारे 2.3 मीटरांपर्यंत उतरला होता, म्हणजे चतुर्थांश घट. बॅटरी विकत घेणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न त्रुवेने स्वतःच स्वतःला विचारला होता : सकाळी निघताना ती किती जोराने ओढते हे नव्हे, तर दुपारी परत येताना तिच्यात किती जीव उरतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरी चाललेला वाद याच ठिकाणी येऊन अडला होता. वडिलांचे म्हणणे, मोटारगाडीची बॅटरी स्वस्त मिळते, तीच लावावी. काकांना तिच्याविषयी विश्वास नव्हता. काकांचे बरोबर होते. मोटारगाडीच्या बॅटरीत शिशाचे पत्रे पातळ आणि पुष्कळ असतात. इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह द्यावा आणि मग इंजिनाने तिला पुन्हा भरावे, एवढेच तिचे काम. तिला रोज तासन् तास रिते केले तर ती लवकर खराब होते. होडीला जाड पत्र्यांची, सावकाश व खोलवर रिकामी होऊ शकणारी बॅटरी लागते. आणि तीही निम्म्याहून अधिक रिती न करणे चांगले. 12 व्होल्ट आणि 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदावर 1200 वॅट-तास देते. त्यांतले 600 खर्चावयाचे धरले तर 500 वॅटची मोटर सव्वा तास चालेल. वजन मात्र पंचवीस-तीस किलो. आज लिथियम आणि लोह-फॉस्फेट यांची बॅटरी मिळते. तेवढ्याच क्षमतेची ती निम्म्या वजनाची असते, तिच्यातील बहुतेक सर्व वीज वापरता येते, आणि ती कित्येक पटींनी अधिक वेळा भरता येते. तिची किंमत जास्त, आणि भरण्याचे उपकरणही तिच्याच जातीचे हवे. शिशाच्या बॅटरीचे तिला लावून भागत नाही. यांपैकी कोणती घ्यावी हे सांगणारे आम्ही कोण? पण होडी किती दूर जाणार, वारा फिरला तर परत येण्यास किती लागेल, आणि बॅटरी भरावयाची कोठे, या गोष्टी प्रथम मोजाव्या आणि दुकानात मागाहून जावे, एवढे त्रुवेच्या उदाहरणावरून आम्ही त्या मुलाला सांगितले. खाऱ्या वाऱ्यात तारांच्या सांध्यांना हिरवट गंज चढतो, तोही पाहावयास हवा. सेनच्या गोड्या पाण्यात त्रुवेला ही चिंता नव्हती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस येथे विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथे त्रुवेचे काम हजारो लोकांनी पाहिले. गास्ताँ तिसांदिये याने मांडलेल्या विमान-फुग्याच्या लहान प्रतिकृतीतही त्रुवेचीच मोटर होती. दोन वर्षांनी तिसांदियेने खराखुरा फुगा विजेवर उडवला तेव्हा त्याने बायक्रोमेटचेच घट घेतले. परंतु पाण्यावर मात्र वारे लवकर फिरले. 1882 साली लंडनच्या थेम्स नदीत इलेक्ट्रिसिटी नावाची नौका 45 संचायकांवर चालू लागली, आणि त्या दशकाच्या अखेरीस थेम्सच्या काठी संचायक भरण्याची ठाणीही उभी राहिली. काठावर वीज आली आणि जस्ताचे घट मागे पडले. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेच्या पन्नासांहून अधिक नौकांनी दहा लाखांवर प्रवासी वाहून नेले. त्या सर्व संचायकांच्या. त्यानंतर पेट्रोलने या दोघांनाही बाजूला सारले. 1909 साली ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत पेट्रोलची, होडीच्या पाठीवर टांगण्याची मोटर विकावयास आरंभ केला, आणि जगभरच्या कोळ्यांना ती ठाऊक झाली.

या धामधुमीत त्रुवे कोठे होता? पॅरिसमध्ये, व्हिव्हिएन रस्त्यावरील आपल्या कारखान्यात. त्याने लग्न केले नाही. शोध लावावा, तो चालतो असे दाखवावे आणि पुढच्याकडे वळावे, असा त्याचा क्रम. पैसे मिळवण्याची खटपट त्याने कधी मनापासून केली नाही. फ्रान्सने त्याला लेजन ऑफ ऑनर हा मान दिला. रूआँचे डॉक्टर एलो यांच्यासाठी त्याने कपाळावर बांधण्याचा विजेचा दिवा केला. कान-नाक-घसा तपासणारे डॉक्टर आजही ज्या धर्तीचा दिवा बांधतात, तो. रंगीत प्रकाशाची कारंजी, लष्कराची सुटसुटीत तारयंत्रे, पुढे ॲसिटिलीनचे दिवे, असे कितीतरी. यांतील प्रत्येकाविषयी लिहावयाचे तर हा अंकच पुरणार नाही, आणि खरे सांगावयाचे तर त्यांतील पुष्कळशा वस्तूंत आम्हांस होडीइतका रस नाही.

1902 साली तो त्वचारोगांवर अतिनील किरणांचा उपचार करता येईल असे एक लहान उपकरण तयार करीत होता. काम करताना अंगठा आणि तर्जनी यांना जखम झाली. ज्याने जखमेतील गोळी शोधण्याची सळई डॉक्टरांच्या हाती दिली, त्याने स्वतःच्या जखमेकडे लक्ष दिले नाही. जखम चिघळली, विष रक्तात भिनले. पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात 27 जुलै रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याचा अंत झाला.

त्याला त्याच्या जन्मगावी पुरण्यात आले. पण मागे मुलेबाळे नव्हती. थडग्याच्या जागेची मुदत संपली तेव्हा ती वाढवून घेण्यास कोणी आले नाही, आणि तेथील रिवाजाप्रमाणे त्याच्या अस्थी बेवारशांच्या सामाईक खड्ड्यात गेल्या. गावाच्या नगरभवनात त्याचे कागदपत्र जपून ठेवले होते. फेब्रुवारी 1980 मध्ये तेथे आग लागली आणि तेही जळाले. उरले ते त्या काळच्या शास्त्रीय नियतकालिकांत छापलेले त्याचे लेख, काही चित्रे, आणि त्याच्या हयातीतच, 1891 साली, जॉर्ज बाराल याने लिहिलेले त्याचे चरित्र. पुढे एका इंग्रज चरित्रकाराने हे सारे शोधून काढले आणि त्याच्या सूचनेवरून ऑक्टोबर 2012 मध्ये क्रूजकाठच्या त्या गावात त्रुवेच्या जन्मस्थानी एक पाटी बसवण्यात आली.

आमच्या विद्यार्थ्याच्या घरी शेवटी काकांचे म्हणणे मान्य झाले. बॅटरी यावयाची आहे. तोपर्यंत जुनी मोटर रोज संध्याकाळी खांद्यावरून घरी येते आहे.